अंगणातील इंजिन

नागपुरात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांना दोन निरनिराळ्या शिट्या ओळखीच्या असत. एक मोठ्या गाडीची व दुसरी छोट्या गाडीची. मोठी गाडी नागपुरास १८६७ साली मुंबईच्या दिशेने आली. छोट्या गाडीचे रूळ त्यानंतर पडले. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने सातपुड्याच्या डोंगराळ मुलखात आणि भोवतालच्या जंगलपट्ट्यात जे अरुंद मार्ग टाकले, त्यांच्या दोन रुळांमधील अंतर केवळ अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. इतवारी स्थानकावरून निघणारी ही गाडी इतकी सावकाश जाई, की खिडकीशी बसलेल्या मुलाला शेतातील माणसाशी दोन शब्द बोलून घेता येत. पुढे मार्ग रुंद करण्यासाठी या गाड्या थांबविण्यात आल्या. २०१५ साली छिंदवाड्याकडील आणि २०१९ साली नागभीडकडील छोटी गाडी बंद झाली.

माझ्या आजोबांचे सारे आयुष्य या छोट्या गाडीच्या इंजिनांजवळ गेले होते. मोतीबागच्या कारखान्यात ते कारागीर होते. प्रथम त्यांनी वाफेची इंजिने दुरुस्त केली, नंतर डिझेलची. वाफेची इंजिने गेली तेव्हा त्यांना फार वाईट वाटले, असे आजी सांगत असे. आजोबा स्वतः त्याविषयी काही बोलत नसत. २००२ साली मोतीबागेतच छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले. तेथे रंगवून ठेवलेल्या इंजिनापाशी मला घेऊन गेले, की ते प्रथम त्याच्या चाकांच्या दांड्यांकडे वाकून पाहत आणि मग म्हणत, “रंग चांगला दिला आहे.” यापलीकडे त्यांची टीका नसे.

नागभीडची गाडी बंद झाली त्याच वर्षीच्या नाताळच्या सुट्टीत आमच्या घरी जे घडले, ते येथे सांगावयाचे आहे. माळा आवरताना आईला एक पत्र्याची पेटी सापडली. पेटीत चिंध्यांत गुंडाळलेले एक काळे इंजिन, दोन डबे आणि पितळी रुळांचे बरेच तुकडे होते. माझ्या आत्याच्या यजमानांनी फार वर्षांपूर्वी जर्मनीहून काकासाठी आणलेले ते खेळणे होते. काका लहान असताना ही गाडी अंगणात धावे. पुढे ती बंद पडली. कोणा दुरुस्ती करणाऱ्याकडे देऊन आणली. दोन दिवस चालली आणि पुन्हा बंद पडली, ती कायमची. भंगारवाला त्या वेळी दारात उभाच होता. त्याने इंजिन हातावर तोलले आणि “यात लोखंड थोडे, प्लास्टिक फार,” असे म्हणून नाक मुरडले. रुळांच्या पितळेवर मात्र त्याची दृष्टी खिळली होती.

आजोबा ओट्यावर उन्हात बसले होते. त्यांनी हात पुढे करून इंजिन मागून घेतले, उलटे करून पाहिले आणि म्हणाले, “थांबा जरा. मेलं आहे का निजलं आहे, ते तर पाहू द्या.”

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. आमची सुट्टी मात्र कामाला लागली.

हे इंजिन हातभर लांब नव्हते; कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढे होते. तरी दिवाणखान्यात मांडावयाच्या चिमुकल्या गाड्यांच्या मानाने ते धिप्पाडच म्हटले पाहिजे. अशा मोठ्या नमुन्यांना अंगणातील किंवा बागेतील गाड्या म्हणतात. त्यांच्या रुळांमधील अंतर ४५ मिलिमीटर असते. हे माप फार जुने आहे. जर्मनीतील खेळणी बनविणाऱ्यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ठरविले होते. परंतु ऊन, धूळ व दव सोसून उघड्यावर धावू शकतील अशा विजेच्या गाड्या न्यूरेंबर्ग येथील लेहमान या कारखानदारांनी १९६८ साली बाजारात आणल्या, आणि तेव्हापासून या मापाचा मोठा प्रसार झाला. खऱ्या गाडीच्या साडेबावीसाव्या हिश्शाएवढी ही गाडी असते. मीटर गेजच्या रुळांत १००० मिलिमीटर अंतर असते; त्याला साडेबावीसने भागा, म्हणजे साधारण ४५ येतील. आजोबांनी लगेच आपल्या छोट्या गाडीचा हिशोब मला करावयास लावला. ७६२ ला साडेबावीसने भागले तर ३४ च्या जवळपास उत्तर येते. “म्हणजे आपली गाडी या रुळांत बसायची नाही,” ते म्हणाले. त्यांना थोडा विरस झालेला दिसला.

इंजिनाची चाके बोटाने फिरवू पाहता त्यांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि ते मोठ्याने हसले. खऱ्या वाफेच्या इंजिनात नळकांड्यातील दट्ट्या वाफेच्या दाबाने मागेपुढे सरकतो, दट्ट्याला जोडलेला दांडा चाकाला ढकलतो आणि चाक फिरते. या नमुन्यातही नळकांडे होते, दट्ट्याची कांडी होती, चाकांना जोडणारे चकचकीत दांडेही होते. परंतु आत वाफ नव्हती. पोटात एक विजेची मोटर होती. ती चाके फिरवी आणि चाके दट्ट्याला ओढीत. खऱ्या इंजिनात दट्ट्या धनी आणि चाक चाकर. येथे सारा कारभार उलटा होता. (स्पिरिटच्या किंवा वायूच्या ज्योतीवर पाणी उकळून खऱ्या वाफेवर चालणारे लहान नमुनेही असतात, पण त्यांची गोष्ट वेगळी.)

मी पेचकस घेऊन आलो. इंजिनाच्या पोटाशी चार स्क्रू दिसत होते. मला ते केव्हा उघडीन असे झाले होते. आजोबांनी पेचकस माझ्या हातातून काढून घेतला व आपल्या मांडीखाली ठेवला.

“घाई कायले करतं?” ते म्हणाले. “आमच्या शेडमध्ये इंजिन चढावर दम टाकते अशी तक्रार आली, तर आम्ही आधी नळकांडे खोलत होतो काय?”

मग त्यांनी मला वाफेचा रस्ता सांगितला. विस्तव भट्टीत असतो. भट्टीच्या उष्णतेने बॉयलरमधील पाण्याची वाफ होते. ती वर घुमटाकृती टोपीखाली जमते. चालकाने दांडी ओढली, की झडप उघडून वाफ नळीवाटे नळकांड्यात उतरते, दट्ट्याला ढकलते आणि काम संपल्यावर धुराड्यातून भकभक बाहेर पडते. या वाटेवर कोठेही अडथळा आला, तरी त्याचे चिन्ह एकच दिसते. इंजिन चालत नाही. म्हणून कारागीर प्रथम विस्तव पाहतो, मग पाणी, मग दाबाचा काटा, मग झडप; आणि सगळे ठीक असेल तरच नळकांड्याला हात लावतो. जेथून शक्ती निघते तेथून प्रारंभ करून ती जेथे पोहोचावयाची तेथवर पावलापावलाने जावयाचे, अशी त्यांची रीत होती.

“विजेचे मला फारसे कळत नाही,” आजोबा म्हणाले. “तू शाळेत शिकतोस. तिचा रस्ता तू सांग.”

मी सांगू लागलो आणि माझ्या ध्यानात आले, की मलाही तो पुरता ठाऊक नव्हता. मधूनमधून थांबून, इंजिन उलटेसुलटे करून आम्ही तो दोघांनी मिळून शोधला. भिंतीतील वीज २३० व्होल्टची असते. ती खेळण्यास चालत नाही. म्हणून रोहित्राची म्हणजे ट्रान्सफॉर्मरची पेटी तिचा दाब सुमारे १८ व्होल्टपर्यंत उतरविते आणि तिला एकाच दिशेने वाहणारी करते. पेटीतून दोन तारा निघतात. एक उजव्या रुळाला व दुसरी डाव्या रुळाला जोडतात. रुळांखालील आडव्या पट्ट्या प्लास्टिकच्या असल्यामुळे एका रुळातील वीज दुसऱ्यात जाऊ शकत नाही. इंजिन रुळांवर ठेवले, की एका बाजूच्या चाकांतून प्रवाह वर चढतो, मोटरीतून जातो आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून परत उतरतो. दोन्ही बाजूंची चाके एकाच धातूच्या आसाने जोडली असती, तर प्रवाह मोटरीकडे फिरकलाच नसता. आसातूनच पलीकडे निघून गेला असता. म्हणून प्रत्येक आसावरील निदान एका चाकाच्या मध्यभागी वीज न वाहू देणारे वेष्टन असते. चाके तर फिरती. त्यांना तार बांधता येत नाही. याकरिता प्रत्येक चाकाच्या पाठीशी कोळशाची, म्हणजे कार्बनची, एक बारीक कांडी स्प्रिंगने दाबून धरलेली असते. चाक फिरत राहते, कांडी त्याला घासत राहते आणि प्रवाह अखंड मिळत राहतो. मोटरीच्या आतही अशाच दोन कांड्या असतात.

आता वाट कळली होती. शेजारच्या तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या दादाने आपला मल्टिमीटर आम्हांला दिला; परंतु दोन अटी घातल्या. रोहित्राची पेटी आम्ही उघडावयाची नाही, कारण तिच्या आत २३० व्होल्ट आहेत आणि ते प्राणघातक असतात. आणि ती भिंतीत लावण्याचे काम मोठ्या माणसाने करावयाचे. आजोबांनी दोन्ही अटी माझ्या वतीने मान्य केल्या.

पेटीच्या तोंडाशी १७ व्होल्टहून अधिक दाब मिळाला. म्हणजे विस्तव जळत होता. मग ओट्यावर बारा वाकड्या तुकड्यांचे वर्तुळ मांडले. त्याचा व्यास सुमारे सव्वा मीटर भरला. रुळांवर मल्टिमीटर टेकवीत मी वर्तुळाभोवती रांगू लागलो. पहिल्या तुकड्यात दाब होता, दुसऱ्यात होता. आणि पाचव्यात एकदम शून्य! सहाव्यातही शून्य. सातव्यात पुन्हा दाब आला. हे कोडे मला उलगडेना. आजोबांनी काठीने वर्तुळ दाखविले. वर्तुळात एक सांधा खराब असला तरी बिघडत नाही. प्रवाह दुसऱ्या बाजूने वळसा घालून येतो. परंतु दोन सांधे खराब झाले, की त्यांच्यामधील तुकडा दोन्हीकडून तोडला जातो. आमच्या पाचव्या तुकड्याच्या अलीकडील आणि सहाव्याच्या पलीकडील जोडपट्ट्या पार काळवंडल्या होत्या.

पितळ हवेत उघडे राहिले, की त्यावर काळपट पुटे चढतात आणि ती विजेला अडवितात. मी आईची तारेची घासणी आणावयास धावलो, तो दादाने अडविले. तिचे लोखंडी तंतू तुटून रुळांत राहतात आणि मोटरीतील चुंबक त्यांना आत खेचून घेतो. मग नवेच दुखणे उभे राहते. भांडी घासण्याची तंतूंची मऊ हिरवी घासणी आणि शेवटी स्पिरिटमध्ये भिजवलेले फडके, एवढ्यावर काम भागले. जोडपट्ट्या पकडीने किंचित दाबून घट्ट केल्या. दुपारपर्यंत बाराही तुकडे उजळले. आता सगळीकडे सारखा दाब मिळू लागला.

इंजिन ठेवले. ते हलले नाही. पण दिवा क्षणभर मिणमिणला. तेवढ्याने मला इतका आनंद झाला, की मी ओरडलोच. आजोबा म्हणाले, “निजलं आहे.”

चाकांच्या कडांवर तेल आणि धूळ यांचे दगडासारखे कवच झाले होते. ते लाकडी काडीने खरवडून काढले. दिवा आता स्थिर जळू लागला. मोटरीतून बारीक गुणगुण ऐकू आली, तरीही चाके जागची हलेनात. तेव्हा कोठे आजोबांनी मांडीखालील पेचकस बाहेर काढला.

इंजिन उघडण्यापूर्वी त्यांनी एका जुन्या पुठ्ठ्यावर त्याच्या पोटाचा आकार पेन्सिलीने रेखला. प्रत्येक स्क्रू निघाला, की तो पुठ्ठ्यावर ज्या जागी होता त्या जागी खोचावयाचा. दोन स्क्रू दिसावयास सारखे, पण एक दोन मिलिमीटर लांब असतो; तो चुकीच्या भोकात गेला तर आतल्या भागाला भिडून प्लास्टिक फोडतो. कारखान्यात ही खबरदारी मोठमोठ्या बोल्टांसाठी घेत. येथे ती तांदळाएवढ्या स्क्रूंसाठी घेतली.

वरचे कवच उचलले आणि आत जे दिसले, त्याने आजोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पूर्वीच्या दुरुस्तीवाल्याने तुटलेल्या तारा नुसत्या एकमेकींभोवती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टीचा डिंक वितळून सगळीकडे पसरला होता. मूळच्या तारांची अवस्था त्याहून वाईट होती. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर तो किती जात असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तारेवरचे प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात एक द्रव मिसळलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो निघून जातो आणि वेष्टन काडीसारखे कडक होते. आम्ही एक तार वाकविली, तर तिचे वेष्टन कटकन मोडून आतील तांबे उघडे पडले. अशा दोन उघड्या तारा एकमेकींस टेकल्या, तर प्रवाह मोटरीऐवजी त्या आडवाटेने धाव घेतो, तारा तापतात आणि भोवतालचे प्लास्टिक वितळते. एका कोपऱ्यात तसा डाग दिसतही होता.

एकच तार बदलावी की सगळ्या, हा प्रश्न आला. माझे मत होते, की जी तुटली तीच बदलावी. आजोबा आजवर मला “नीट असेल त्याला हात लावू नये” असेच शिकवीत आले होते, परंतु या वेळी ते म्हणाले, “सगळ्या एका दिवसाच्या, एकाच उन्हात भाजलेल्या. आज एक गेली, उद्या दुसरी जाईल.” हे मला पटले.

पण मोटर का फिरत नव्हती, ते अजून उरलेच होते. दादाच्या सांगण्यावरून आम्ही मोटर सुटी करून तिला थेट प्रवाह दिला. ती झपाट्याने फिरली. म्हणजे मोटर निर्दोष होती. दोष तिच्या पुढे होता. मोटरीच्या दांड्यावर मळसूत्राच्या आकाराचे चाक असते. ते चाकाच्या आसावरील दंतचक्राला फिरविते आणि मोटरीचा वेग उतरवून जोर वाढविते. या दंतचक्रांत घातलेले ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. आजोबांनी ते कापसाने, काडीने, जुन्या दातघासणीने कणाकणाने काढले. पेट्रोल किंवा थिनर वापरावयाचा मोह होतो. परंतु त्यांनी प्लास्टिक विरघळते. स्वच्छ झालेल्या दातांना प्लास्टिकला न खाणारे थोडे नवे ग्रीस लावले. ते थोडे म्हणजे किती? “डोळ्यांत काजळ घालतात इतके,” ही आजोबांची मात्रा. पूर्वी मोटर कळवळून ०.९ अँपिअर प्रवाह ओढीत होती, आता ०.३ वर तिचे भागू लागले.

तारा मी बर्डीवरून आणल्या. त्या अनेक बारीक तंतूंच्या लवचीक तारा होत्या. एकाच जाड तंतूची तार इंजिनाच्या थरथरीने लवकर तुटते. रंग वेगवेगळे घेतले. उजव्या चाकांना लाल, डाव्यांना काळा, दिव्याला पिवळा. तार जोडताना डाख देणे, म्हणजे बाजारात ज्याला सोल्डरिंग म्हणतात ते काम, मला करावयाचे होते. कथील आणि शिसे यांची ही मिश्र तार सुमारे १८३ अंशांना वितळू लागते. आजोबांचा हात आताशा कापे. त्यांनी चिमटा धरला आणि तापलेली कांडी माझ्या हाती दिली.

पहिला सांधा मला फार सुबक वाटला. आजोबांनी तो दोन बोटांत धरून हळूच ओढला, आणि तो निघून हातात आला. मी तापलेली कांडी डाखाच्या तारेला लावून थेंब सांध्यावर पाडला होता. खरे पाहता आधी सांधा तापवावयाचा असतो. सांधा तापला, की डाख आपण होऊन पाण्यासारखा आत शिरतो. थंड सांध्यावरील डाख निस्तेज, खडबडीत दिसतो आणि नुसता वर चिकटलेला असतो. दुसराही सांधा आजोबांनी ओढून काढला. तिसराही. मला रडू येण्याच्या बेतात होते. चौथा त्यांनी ओढला, पुन्हा ओढला, जरा जोराने ओढला. आणि चिमटा खाली ठेवून चहा मागितला. त्या दिवशी मी नऊ सांधे केले. प्रत्येकावर उष्णतेने आकसणारी रबरासारखी नळी चढविली. चिकटपट्टी एकाही जागी लावली नाही.

जुना दिव्याचा बल्ब काळा पडला होता. त्या जागी एलईडी बसवावयाचे ठरले. हा दिवा अगदी थोड्या प्रवाहावर चालतो आणि तापत नाही. परंतु त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत. पहिली, अधिक प्रवाह. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट पुरतात आणि रुळांवर तर १८ असतात. उरलेल्या १५ व्होल्टांना कोठेतरी अडविले पाहिजे. प्रवाह ०.०१ अँपिअर ठेवावयाचा, तर ओमच्या नियमाप्रमाणे १५ भागिले ०.०१, म्हणजे १५०० ओमचा रोध हवा. वहीतील हे गणित प्रथमच माझ्या उपयोगी पडले, आणि एक रुपयाहून फारसा महाग नसलेला तो चिमुकला रोध हातात घेताना मला मोठी ऐट वाटली. दुसरी गोष्ट, उलटा प्रवाह. रुळांतील प्रवाहाची दिशा बदलली, की इंजिन मागे जाते. पण तोच उलटा दाब एलईडीला जाळू शकतो. यास्तव त्याच्या वाटेत डायोड नावाचा एक भाग घालतात. तो म्हणजे विजेची एकेरी झडप. पुढे जाताना ती उघडते आणि दिवा लागतो. मागे जाताना मिटते आणि दिवा विझतो. झडपेचे नाव काढताच आजोबांची कळी खुलली. हा एक भाग तरी त्यांना पूर्ण ओळखीचा होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कवच चढविले, पुठ्ठ्यावरचे स्क्रू जागोजाग गेले. ओट्यावरील वर्तुळावर इंजिन ठेवून मी पेटीची कळ फिरविली. इंजिन निघाले! पण ते मागे निघाले, आणि दिवा मात्र ऐटीत जळत राहिला. सगळे हसू लागले. मी कळ उलटी फिरविली. इंजिन पुढे धावले आणि दिवा विझला. मोटरीच्या दोन तारा मी एकीच्या जागी दुसरी लावल्या होत्या. दिवा बरोबर होता, मोटर उलटी होती. पुन्हा सगळे उघडले, दोन सांधे सोडवून त्यांची अदलाबदल केली. आजोबांनी ते दोन्ही सांधेही ओढून पाहिले, हे सांगावयास नकोच.

दुसऱ्या दिवशी गाडी अंगणात मांडली. लांब अंतरासाठी वर्तुळाच्या मधोमध सरळ तुकडे घातले, त्यामुळे रुळांचा फेरा तुळशीवृंदावनाला वळसा घालून लिंबाच्या आळ्यापर्यंत गेला. दोन्ही डबे जोडले. काकाही मुद्दाम आला होता. चाळीस वर्षांचा तो गृहस्थ मातीत गुडघे टेकून बसला आणि कोणाशी बोलेना. इंजिनाने एक फेरा पुरा केला, दुसरा केला, आणि तिसऱ्या फेऱ्यात लिंबाच्या आळ्याशी थबकले. हाताने किंचित ढकलले, की चाले. पुन्हा तेथेच आले, की थांबे.

मी मल्टिमीटर आणावयास वळलो. आजोबांनी काठीचे टोक त्या सांध्यावर टेकवून हलकेच दाबले. इंजिन तत्काळ चालू लागले. आळ्याशी माती भुसभुशीत होती. गाडीच्या वजनाने रूळ दर फेऱ्यास तेथे थोडा थोडा खचत होता आणि जोडपट्टी सैल होत होती. काठी उचलली, की गाडी थांबे. टेकवली, की चाले. विटेचा एक चपटा तुकडा मी त्या सांध्याखाली सरकवून माती ठोकली. त्यानंतर काळोख पडेपर्यंत ती गाडी थांबली नाही. दिव्याचा लहानसा पांढरा गोळा तुळशीमागे नाहीसा होई आणि लिंबाकडून पुन्हा उगवे.

रात्री इंजिन पेटीत ठेवण्यापूर्वी आजोबांनी मला एक कोरा कागद आणावयास सांगितले. त्यावर मी तारांचा नकाशा काढला: कोणत्या रंगाची तार कोठून कोठे गेली आहे, रोध किती ओमचा आहे, डायोडवरील पट्टी कोणत्या बाजूस आहे, कोणता स्क्रू लांब आहे. खाली आजोबांनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरांत एकच ओळ लिहिली: “ग्रीस २०१९ डिसेंबरात घातले, पाच वर्षांनी पाहावे.” कागदाची घडी करून तो आम्ही पेटीच्या झाकणाला आतून चिकटविला, आणि पेटी माळ्यावर न नेता आजोबांच्या खाटेखाली ठेवली.